डावं पान

बसा, बसा. हा टेबलावरचा दिवा जरा तुमच्याकडे सरकवते. वरची ट्यूब गेले दोन महिने अशीच लुकलुकते आहे. तक्रार केली की म्हणतात, उद्या बदलतो. त्यांचा उद्या काही उगवत नाही. मी इथली कोणी नाही, गैरसमज नको. दर गुरुवारी कामावरून सुटले की कोऱ्या वह्या घेऊन येते, मोठ्या सिस्टरांच्या हवाली करते आणि घरी जाते. आज तुम्हाला पाहिलं म्हणून थांबले. तुमच्या मांडीवरची वहीसुद्धा मीच आणलेली, गेल्या गुरुवारची.

चार नंबर ना? मिस्टर आहेत? आठवडा झाला म्हणता, अजून शुद्ध नाही. आणि वहीत काय लिहिता? 'घरी सगळं छान आहे, काळजी करू नका.' तसंच काहीतरी ना? मला कसं कळलं, ते सांगते. सात वाजता पुन्हा आत सोडतात, तोवर वेळ आहे.

सहा वर्षांपूर्वी त्याच चार नंबरच्या पलंगावर माझा भाऊ होता. आम्ही त्याला बारक्या म्हणतो. अंगाने चांगला दांडगा आहे, पण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणून बारक्याच. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. आमची आई कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. शिवून आलेला प्रत्येक शर्ट उलटासुलटा करून पाहायचा आणि निळ्या खडूने खूण करायची. दोन रेघा म्हणजे माल चांगला, पुढे जाऊ द्या. एक रेघ म्हणजे परत पाठवा. "एक रेघ म्हणजे टाकाऊ नव्हे गं," ती म्हणायची, "उसवून नीट करायचं, एवढंच." ती सवय तिने घरीही आणली. आमच्या गृहपाठाच्या वहीवर, माझ्या नोकरीच्या अर्जावर, अगदी भिंतीला दिलेल्या रंगावरसुद्धा दोन निळ्या रेघा ओढायची. तिच्या अंगाला कायम खडूचा आणि गरम इस्त्रीचा वास असायचा.

रोज संध्याकाळी बारक्या तिला कारखान्यातून मोटरसायकलवर घरी सोडायचा. स्वतःचं काम अर्धं टाकून जायचा, पण तिला एकटीला येऊ द्यायचा नाही. त्या दिवशी वळणावर कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलं होतं. चाक सरकलं. आई तिथेच गेली. बारक्याला इथे आणलं.

आईचं सगळं मामाने उरकलं. मी फक्त मान डोलावत होते. रडूसुद्धा आलं नाही मला, घशात बूच बसल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या दिवशी मामाने मला बाजूला घेतलं.

"हे बघ पोरी, याच्यासमोर आईचा विषय काढायचा नाही. बेशुद्ध असला तरी कान उघडे असतात म्हणतात. धसका घेतला तर हा पण जाईल."

मला पटलं. आणि खरं सांगू? न सांगण्यात माझीही सोय होती. जे तोंडाने बोललं नाही ते घडलंच नाही, असं वाटायचं.

मोठ्या सिस्टर तेव्हाही होत्या, अशाच तोंडाने फटकळ. चौथ्या दिवशी त्यांनी एक वही माझ्यापुढे ठेवली. बँडेजच्या पट्टीने पेन्सिलीसकट पलंगाच्या पायथ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "रोज येऊन नुसत्या त्याच्या तोंडाकडे बघत बसता. लिहा. तो उठेल तेव्हा त्याच्या आयुष्यातले इतके दिवस गहाळ झालेले असतील. ते कुणीतरी जपून ठेवायला नकोत?"

गहाळ हा शब्द मला बरोबर लागला. कारण माझी नोकरीच ती. बस स्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत मी बसते. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कुणाची कवळी. आमच्या नोंदवहीची एक रीत आहे. उजव्या पानावर आम्ही लिहायचं, वस्तू काय, कुठे सापडली, कोणत्या स्थितीत. डावं पान कोरं सोडायचं. ते मालकाचं. मालक आला की तो स्वतःच्या हाताने तिथे लिहितो, मिळाली म्हणून, आणि वस्तू घेऊन जातो. आमचे हेडक्लार्क एकच गोष्ट बजावत असत. नोंद खरी करा. खोटी नोंद केली की वस्तू भलत्याच दारी जाते, आणि गेलेली वस्तू परत येत नाही.

हाताला तीच सवय. मी उजव्या पानावर लिहिलं, 'पलंग चार. वय चोवीस. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याला प्लास्टर नाही, पण नळ्या ओढू नये म्हणून कठड्याला बांधलेला. दाढी वाढली आहे. ताप नाही.' सिस्टरांनी डोकावून वाचलं.

"अहो बाई, भाऊ आहे की छत्री?"

मला हसू फुटलं. आईनंतरचं ते पहिलं हसू. मग त्यांच्या धाकाने मी जरा माणसासारखं लिहायला लागले. बारक्या, आज खिडकीत एकाने जिवंत कासव आणून दिलं, बसमध्ये सापडलं म्हणाला. बारक्या, तुझ्या कंपनीतला मित्र येऊन गेला, बाहेर भिंतीकडे तोंड करून रडला आणि मला म्हणाला की डोळ्यात काहीतरी गेलं. बारक्या, मला भीती वाटते.

एवढं लिहिलं की छातीवरचं ओझं थोडं हलायचं. चार ते पाच हा तास माझा झाला. दिवसभर तो तास डोळ्यांसमोर ठेवून मी कामं उरकायचे, आणि सातव्या दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली. लिहिण्याने दुःख जात नाही. पण ते आत गरगर फिरायचं थांबतं, एका जागी बसतं, आणि बसलेल्या दुःखाशी बोलता येतं. हे मी कुठे वाचलेलं नाही. चार नंबरपाशी बसून शिकले.

फक्त रोज शेवटी एक ओळ असायची. 'आई बरी आहे. घरी आहे. तुझी वाट बघते आहे.' ती लिहिताना पेन्सिल अडायची. दोनदा टोक मोडलं.

नवव्या दिवशी आत गेले आणि थबकले. तुम्ही पाहिलंय, आत खिडक्या नाहीत, दिवस नाही की रात्र नाही. तोच पांढरा उजेड, तीच यंत्रांची टिकटिक, औषधांचा वास. त्या वासात मला दुसरा वास आला. खडूचा, आणि गरम इस्त्रीचा. पलंगाशेजारच्या खुर्चीच्या हातावर निळसर भुकटी पडली होती. सिस्टर सफाईवाल्या बाईंवर करवादत होत्या. "सकाळी पुसलं म्हणता, मग हे काय आहे? रोज रोज कुठून येतं?"

वेडं मन हवं ते हुंगतं, म्हटलं. घरी गेल्यावर दिसलं, माझ्या बाहीवर एक निळी रेघ होती. कुठेतरी घासलं असेल म्हणून झटकून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. एकच रेघ.

अकराव्या दिवशी मी वही उघडली. माझं पान संपलं होतं, म्हणून उलटलं. डाव्या पानावर काहीतरी लिहिलेलं होतं. फिकट पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, अंधारात चाचपडत लिहावं तसं.

'इथे कोण बसतं?'

मी सिस्टरांना विचारलं, आत कोण येतं. त्या म्हणाल्या, तुमच्याशिवाय कुणी नाही. या वहीला हात कोण लावतं? कुणी नाही. मी बारक्याच्या हातांकडे पाहिलं. एक प्लास्टरमध्ये, एक बांधलेला. बोटं थंड होती.

मी उजवीकडे लिहिलं, 'मी बसते. ताई.'

दुसऱ्या दिवशी डावीकडे उत्तर होतं. 'तू चारला येतेस. त्याआधी कोण बसतं?' आणि खाली, जरा अंतर सोडून, 'आई घरी आहे तर इथे कोण बसतं?'

मी खुर्चीवर बसले होते. ताडकन उठले. खुर्ची प्लास्टिकची, आणि वॉर्डात तर थंडी वाजेल इतका गारठा. तरी मी बसायच्या आधीपासून ती कोमट होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मामाला सांगितलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, हे तूच लिहितेस. झोप नाही, पोटात धड काही नाही. लिहितेस आणि विसरतेस. वही बंद कर काही दिवस."

पटण्यासारखं होतं. मी वही बंद केलीही असती. पण बंद करायची तर लिहिण्यावाचून माझं काय उरत होतं? तो एक तास काढून घेतला तर मी पुन्हा त्या बूच बसलेल्या बाईसारखी झाले असते. म्हणून तेराव्या दिवशी पुन्हा गेले.

दारातच डॉक्टर भेटले. ताप चढलाय, रक्तदाब उतरतोय, औषध बदललंय. "आजची संध्याकाळ महत्त्वाची आहे," एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेले. सिस्टरांनी पडदा ओढून दिला. आत मी, बारक्या आणि ती खुर्ची. खडूचा वास इतका दाट की घसा खवखवला.

मी उभ्यानेच वही उघडली. डावं पान वरपासून खालपर्यंत भरलं होतं.

'आई रोज येते. बोलत नाही. तिला घरी जायचं आहे पण ती एकटी कशी जाणार? मी म्हटलं, मी सोडतो. ती नको म्हणते, मान हलवते, तू पड म्हणते. पण कारखान्यापासून घर लांब आहे ताई. तू लिहिलंस ना ती घरी असते. मग तिला घरी पोचवायला नको? उद्या नको, आजच सोडतो. बूट घातलेत मी.'

पांघरुणाखाली त्याची पावलं होती. ती मी उघडून पाहिली नाहीत. आजतागायत मला कळलेलं नाही की पाहायला हवी होती की नाही.

पण एक गोष्ट लख्ख कळली. आई त्याला न्यायला आली नव्हती. ती नको म्हणत होती. त्याला नेत होती ती माझी नोंद. मी रोज खोटं लिहिलं, आई घरी आहे, आई वाट बघते आहे. आणि हा शहाणा, ज्याने उभ्या आयुष्यात आईला एकटीला येऊ दिलं नाही, तो तिला पोचवायला निघाला होता. माझ्या बाहीवर रोज उमटणारी ती एक रेघ. परत पाठवा. उसवा. नीट करा.

मी पेन्सिल घेतली. लिहिता लिहिता हलक्या आवाजात वाचत गेले, त्याच्या कानाशी.

"बारक्या... मी खोटं लिहिलं. आई घरी नाहीये. आई गेली. त्याच दिवशी, त्याच वळणावर. तिला काही कळलंसुद्धा नाही, असं तिथला माणूस म्हणाला. रस्त्यावर तेल सांडलं होतं. तुझी चूक नव्हती. ऐकतोयस ना... तुझी चूक नव्हती. तिला आम्ही निरोप दिला. तिचा खडू मी तिच्या मुठीत ठेवला. तिला आता कुठे सोडायला जायचं नाहीये रे. तू तिला रोज घरी आणलंस, तेवढं पुरे झालं. आता मला घरी सोडायला कुणी नाही. तू बूट काढ."

यंत्राची टिकटिक लांबली. एका ठोक्यानंतर दुसरा यायला इतका वेळ लागला की मी मोजायचं सोडून दिलं.

मग मी खुर्चीकडे तोंड केलं. तिथे कुणी नव्हतं. तरी बोलले.

"आई... खरी नोंद केली आता. बघ. बरोबर आहे का..."

आणि तेव्हा रडू आलं. तेरा दिवसांचं. पडद्यामागे, तोंडात बाही कोंबून रडले. रडता रडता कानावर आलं, प्लास्टिकची खुर्ची करकरली. कुणी उठलं की करकरते, तशी. वास माझ्या अगदी जवळून गेला. आणि आई कामावर निघताना ओढायची ना, तसा कुणीतरी माझा शेपटा मागून हलकेच ओढला.

पडदा हलला नाही. टिकटिक मात्र पुन्हा लागोपाठ सुरू झाली.

त्या संध्याकाळी ताप उतरायला लागला. डॉक्टर म्हणाले, नवं औषध लागू पडलं. पडलं असेलही, मी कशाला त्यांच्या पोटावर पाय देऊ? दुसऱ्या दिवशी डावं पान कोरं होतं. तिसऱ्या दिवशीही. खुर्ची गार होती, आणि मी तिच्यावर बसून पुष्कळ लिहिलं. सगळं खरं. आईची आठवण येते, राग येतो, मामा घोरतो, कासवाचा मालक अजून आलेला नाही. घरी गेल्यावर मन इतकं शांत वाटायचं की मलाच अपराधी वाटायचं.

एकोणिसाव्या दिवशी बारक्याने डोळे उघडले. गळ्यातली नळी निघाल्यावर आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो की आता हा आईबद्दल विचारणार. त्याने विचारलं नाही. माझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, आई गेली ना." आणि मग आम्ही दोघं रडलो, माणसं रडतात तसे.

महिन्याने त्याने वही वाचली. उजवी पानं वाचताना हसला, रडला, कासवाचं काय झालं विचारलं. डाव्या पानांवर आला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे माझं अक्षर नाहीये ताई. आणि मला यातलं काही आठवत नाही."

"मग कुणाचं?"

"मला काय माहीत... हात तर बांधलेले होते ना माझे?"

मी त्याला शेवटच्या डाव्या पानाशी पेन्सिल दिली. आमच्या खिडकीची रीत सांगितली. त्याने प्लास्टर सुटलेल्या हाताने, वाकडंतिकडं का होईना, लिहिलं, 'मिळाला. मालक स्वतः घेऊन गेला.' खाली सही केली. आता त्याला दोन मुली आहेत, आणि आजही तो मला दर गुरुवारी इथून घरी सोडायला येतो. खाली उभा असेल आत्ता.

ज्या पानावर मी खरं लिहिलं होतं, त्याच्या तळाशी दोन निळ्या रेघा होत्या. त्या आजही आहेत. बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागते, पण रेघा कमी होत नाहीत.

हं, वाजत आले सात. तुम्ही काय लपवलंत ते मी विचारणार नाही. तुमच्या घरचं तुम्हाला माहीत. मी फक्त वह्या आणते. पण मघाशी दिवा तुमच्याकडे सरकवला ना, तेव्हा पाहिलं. तुमच्या बाहीवर, कोपराच्या जरा वर. नाही, झटकू नका. झटकून काही होत नाही.

एकच आहे बघा. एक रेघ म्हणजे टाकाऊ नव्हे. अजून वेळ आहे. उठा, ही पेन्सिल घ्या, मी टोक करून आणली आहे. आत जा आणि खरं लिहा. आणि खुर्ची कोमट लागली तर घाबरू नका, जरा बाजूला उभ्या राहा.